जुनी गाडी शोरूमला एक्सचेंजमध्ये द्यायची की स्वतः विकायची?

पर्वरीकर
बाबांची पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१६ ची, जीए-०३ पासिंग, सिंगल हँड, मीटर ५८ हजारच्या आसपास, सर्व्हिस सगळी कंपनीतच आणि बिलं फाईलला लावलेली. नवी घ्यायची म्हणून शोरूमला गेलो तर त्यांच्या माणसाने गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं, बंद केलं आणि २ लाख १० हजार सांगून मोकळा झाला. वर ३० हजार एक्सचेंज बोनस, म्हणजे २.४०. इकडे आमच्याच वाड्यावरचा एकजण, जो ही गाडी रोज बघतो, तो ३.१५ द्यायला तयार आहे. घरात आता दोन तट पडलेत.

माझं मत स्पष्ट आहे, स्वतः विकायची. ७५ हजार म्हणजे काय सुटे पैसे नाहीत. आणि तो बोनस वगैरे मला पटतच नाही, कारण नव्या गाडीवर जो कॅश डिस्काउंट एरवी मिळाला असता तोच बोनस म्हणून दाखवतात असा मला दाट संशय आहे. म्हणून दुसऱ्या शोरूममध्ये जुन्या गाडीचा विषयच काढला नाही, आधी नव्या गाडीची ऑन-रोड किंमत लेखी घेतली, मग एक्सचेंजचं विचारलं. तेव्हा खरा फरक कळला. सगळ्यांनी असंच करावं, दोन व्यवहार एकत्र केले की हिशोब समजतच नाही.

अजून एक, तो माणूस पॉलिसीतल्या आयडीव्हीवर बोट ठेवून म्हणतो गाडीची किंमतच एवढी आहे. आयडीव्ही हा विम्याचा आकडा आहे, गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर कंपनी किती देणार तो. ५ वर्षांपर्यंत घसाऱ्याचे टक्के ठरलेले आहेत, त्यानंतर कंपनी आणि ग्राहक आपसात ठरवतात. त्यावरून बाजारभाव कसा काढणार? तुमचं काय मत?

मडगावचो
मी तुझ्या बरोब्बर उलट आहे रे. ते ७५ हजार तुला फुकट मिळत नाहीत, ते जबाबदारीचे पैसे आहेत. गाडी विकली, पैसे आले, चावी दिली, पण आरसीवर नाव बाबांचंच राहिलं तर? सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. त्यात गाडी पहिल्या मालकाने विकलेली, पुढे अजून हातोहात गेलेली, मग अपघात झाला आणि भरपाई कोणावर आली तर ज्याचं नाव रजिस्टरवर होतं त्या पहिल्या मालकावर. त्याने गाडी डोळ्यांनी बघून वर्षं झाली होती.

आमच्या घरातलंच सांगतो. काकांनी गाडी घाटावरच्या एका एजंटला दिली, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून. एजंटने ती आपल्या नावावर केलीच नाही, गिऱ्हाईक मिळेपर्यंत तशीच फिरवली. काकांच्या मोबाईलवर भलत्याच जिल्ह्यातली ओव्हरस्पीडची चलानं यायला लागली. एजंट फोन उचलायचा बंद झाला. बीपीचा माणूस, रात्र रात्र झोप नाही. सगळं निस्तरलं तोवर जास्तीचे मिळालेले पैसे कधीच संपले होते.

शोरूमला दिली तर निदान एक पत्ता असतो, उद्या जाऊन विचारता येतं.

पर्वरीकर
मडगावचो भाऊ, काकांना त्रास झाला तो खरा आणि वाईटच, पण त्यात चूक एजंटची. माझा गिऱ्हाईक एजंट नाही, वाड्यावरचा आहे, गाडी स्वतः वापरणार आहे. आणि शोरूमचा पत्ता असतो म्हणता, पण शोरूम तुमची गाडी स्वतः ठेवतं कुठे? ते पण पुढे ब्रोकरलाच देतात आणि सह्या तिथेही कोऱ्याच घेतात. मला तिथे जे फॉर्म पुढे केले त्यावर घेणाऱ्याचं नाव नव्हतंच.

माझं म्हणणं एवढंच, विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करायची, हा कायदाच आहे. दोघांनी मिळून ऑनलाईन अर्ज भरायचा आणि पावती निघाल्यावरच चावी द्यायची. वाड्यावरच्या माणसाकडे हे हक्काने मागता येतं.

मडगावचो
आणि तो म्हणाला की अरे चतुर्थी आलीये, आधी गाडी दे, कागद नंतर बघू, तर? वाड्यावरच्याला नाही म्हणशील? मला तरी नाही जमणार. परक्याशी कडक बोलता येतं, ओळखीच्याशी नाही.

बाकी शोरूमच्या कोऱ्या सह्यांचं म्हणशील तर त्याला उपाय आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असा नियम आहे. अशा डीलरला गाडी दिली की फॉर्म २९सी भरून कळवायचं, मग गाडी विकली जाईपर्यंत मालक म्हणून जबाबदारी त्या डीलरची. तेव्हा शोरूमवाल्याला सरळ विचार, अधिकारपत्र आहे का आणि २९सी करून देणार का. हो म्हणाला तर मी २.४० ला पण देईन. नाही म्हणाला तर तिथून उठ.

फोंड्याची_ताई
मी विम्याचं काम करते म्हणून दोघांनाही सांगते, एक गोष्ट तुम्ही धरलीच नाही. बाबांनी इतकी वर्षं क्लेम केला नसेल तर नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियममधली सूट, ५० टक्क्यांवर असणार. तो गाडीचा नसतो, बाबांचा असतो. गाडी विकल्यावर जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ३ वर्षं चालतं, नव्या गाडीच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ते ५० टक्के मिळतात. लोक हे घेतच नाहीत, नवी गाडी शोरूमच्याच पॉलिसीवर शून्यापासून सुरू करतात.

आणि घेणाऱ्याने पण ऐकावं. पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. थर्ड पार्टी आपोआप पुढे चालतं पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं नाही. गाडी घेऊन महिना होतो, पॉलिसी जुन्याच नावावर, मग ठोकतात आणि माझ्याकडे रडत येतात. मी काय करणार तेव्हा?

साखळीचो_गॅरेजवालो
तुम्ही सगळे कागदावरच भांडताय, गाडीबद्दल कोणी बोलेना. पर्वरीकर विकणारा आहे म्हणून त्याला ३.१५ गोड वाटतात, पण हे वाचणारे अर्धे लोक घेणारे असतील, त्यांच्यासाठी लिहितो.

गोव्यात गाडीचा पहिला शत्रू गंज. पर्वरीची गाडी आणि मिरामारला किनाऱ्यावर उघड्यावर ठेवलेली गाडी, मीटर सारखा असला तरी गाडी सारखी नाही. वरून पेंट चकचकीत असतो, टिंकरिंगवाला पुट्टी भरून देतो, कळत नाही. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा, तिच्या खालचा खड्डा बघा. दरवाज्याच्या खालच्या कडेला बोट फिरवा, तिथे पाणी जायची भोकं असतात, ती बुजली की आतून सडतं. मग गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा. जो मालक लिफ्टवर घ्यायला नाही म्हणतो त्याची गाडी घ्यायची नाही, विषय संपला.

दुसरं म्हणजे पाणी. २०२१ च्या जुलैत म्हादईला पूर आला तेव्हा आमच्या सत्तरी-डिचोली भागात गाड्या पाण्यात गेल्या. त्यातली एखादी धुऊन पुसून तुमच्यासमोर येऊ शकते. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. बाहेर दिसणारा पट्टा कोणीही धुतो, पण आत गुंडाळलेल्या भागावर मातीची रेघ तशीच राहते. सीटच्या खालचे बोल्ट बघा, तिथे तांबडी माती बसलेली असेल तर भाव विचारायची गरज नाही.

तिसरं आणि गोव्यात सगळ्यात जास्त फसवणारं, रेंटची गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी नंतर प्रायव्हेट करून विकतात. ते कायदेशीर आहे, पण घेणाऱ्याला सांगत नाहीत. आणि पांढऱ्या पाटीवर चोरून भाड्याने फिरवलेल्या तर कुठल्याच कागदावर दिसत नाहीत. सीटच्या रुळात, हँडब्रेकच्या फटीत बीचची वाळू असते, कितीही व्हॅक्युम मारा, निघत नाही. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड दबलेली असते. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. मीटर २० हजार दाखवतो आणि टायर मात्र गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे, कसं शक्य आहे? पहिले टायर २० हजारात झिजत नाहीत.

टेस्ट ड्राइव्ह सपाट हायवेवर देतात, ती घेऊ नका. पणजीत आल्तिनोच्या चढावर मधेच थांबवून परत उचला, क्लच काय ते सांगतो.

वास्कोची_बाय
गॅरेजवाले दादा, गंजाचं आणि पुराचं पटलं, पण रेंटच्या गाड्यांना तुम्ही सरसकट वाईट म्हणताय ते मला मान्य नाही. आम्ही काळ्या पाटीची प्रायव्हेट केलेलीच गाडी घेतली, माहीत असून घेतली. विकणाऱ्याने सगळं उघड सांगितलं, सर्व्हिस वेळच्या वेळी झालेली कारण गाडी उभी राहिली तर त्याचा धंदा बुडतो. त्याच मॉडेलच्या घरगुती गाडीपेक्षा लाखभर कमीत मिळाली. माझी रोज वेर्ण्याला नोकरी आहे, बसची वेळ जुळत नाही, आम्हाला नवी परवडणारी नव्हती. आमच्यासारख्यांनी काय करायचं? महिन्यातून दोनदा बाहेर काढलेली गाडी पण काही बरी नसते, रबर कडक होतात, बॅटरी मरते.

साखळीचो_गॅरेजवालो
ताई, तुम्हाला माहीत होतं आणि भाव तसा मिळाला, तर सौदा चांगला झाला, मी नाही म्हणत नाही. क्लच बदलायचे पैसे आधीच बाजूला ठेवले असतील तर काहीच हरकत नाही. माझा राग लपवून घरगुती गाडीच्या भावात विकणाऱ्यांवर आहे. तुम्ही जुन्या पॉलिसीची कॉपी मागितली असणार, तीच सगळ्यांनी मागावी, त्यात गाडी कमर्शियल होती का ते लगेच दिसतं.

बांदा_ते_पेडणे
गोव्यातच कशाला बघता? सीमा ओलांडली की एमएच-०७ च्या गाड्या आहेत, सावंतवाडी-कुडाळला घरगुती वापरलेल्या, रेंटचा प्रश्नच नाही. ऑनलाईन दिल्लीच्या तर अजून स्वस्त दिसतात.

मडगावचो
दिल्लीच्या स्वस्त का दिसतात ते पण बघ की. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले म्हणून लोक त्या आधीच बाहेरच्या राज्यांत विकतात. आणि बाहेरची कुठलीही गाडी आणली की तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स, १२ महिन्यांच्या आत गोव्याचा नंबर, हे सगळं आलं. तिथल्या टॅक्सचा परतावा मागायला परत तिकडच्या आरटीओत चकरा. तो खर्च किमतीत धरून मग बोल.

बांदा_ते_पेडणे
सावंतवाडी काय दिल्ली नव्हे हो. पेडण्यातून तासाभराची वाट. एनओसी विकणाऱ्याने काढून द्यायची असं टोकन देतानाच लिहून घ्यायचं. मी तर इथल्या रेंटच्या गाडीपेक्षा ती केव्हाही घेईन.

फोंड्याची_ताई
पर्वरीकर, अजून एक बघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून सरळ १८ वर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव पण खाली येतो, वाड्यावरच्या माणसाला हे कोणीतरी सांगेलच. ३.१५ वर अडून बसू नको, ३ ला व्यवहार होत असेल तर कर. तो घरगुती माणूस, तू घरगुती माणूस, त्यात जीएसटी नाही. डीलर मात्र विकताना आपल्या मार्जिनवर १८ टक्के भरतो, ते पैसे तो तुला कमी देऊनच काढणार.

पर्वरीकर
ताई, हे पटलं. काल शोरूमला फोन करून २९सी चं विचारलं, म्हणाले आमचा ब्रोकर बघतो ते. ब्रोकरकडे अधिकारपत्र आहे का विचारलं तर उत्तर नाही. त्यामुळे माझ्यासाठी शोरूमचा विषय मिटला. वाड्यावरच्याला ३.०५ सांगणार, पण गाडी आधी साखळीला लिफ्टवर दाखवून, त्याच्यासमोरच. बँकेकडून त्याच्या लोनचे पैसे थेट बाबांच्या खात्यात, आणि चावी पावतीनंतर.

मडगावचो
मी अजूनही म्हणतो दुसरा अधिकारपत्रवाला डीलर शोध, २.७० देत असेल तर त्याला दे. पण विकणारच असशील तर चतुर्थीच्या आधी चावी मागितली तर बाबांना पुढे करू नको, तू स्वतः नाही म्हण. आणि फास्टॅग काढून बंद कर, तो बाबांच्या खात्याला लागलेला असणार.