रात्री मराठी लावलं, सकाळी पुन्हा इंग्रजी : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, परवा सकाळी गल्लीतल्या काकांचा फोन आला. "अरे, तू काल लावून दिलेला मराठी कीबोर्ड पळाला की!" जाऊन पाहिलं तर खरंच पळालेला. मग ध्यानात आलं, आदल्या रात्री त्यांच्या नातवाचं खातं उघडं होतं आणि मी सगळी सेटिंग त्यातच करून आलो होतो. काका सकाळी स्वतःच्या खात्यात शिरले. कीबोर्डची सेटिंग खात्यागणिक वेगळी असते, हे मला ठाऊक होतं, तरी गाढवपणा झालाच.

पण दर वेळी कारण इतकं सोपं नसतं. आपल्याकडे एका संगणकावर चार जण बसतात, लाईट गेली की पुन्हा लॉगिन, आणि दर लॉगिनला हा खेळ नव्यानं. तुमच्याकडे काय झालं, कशानं सुटलं, ते लिहा. "फॉरमॅट मारा" एवढं मात्र लिहू नका.

(छत्रपती संभाजीनगर)

*

सेलू, झेरॉक्सचं दुकान

माझा त्रास मराठीचा नाही, ॲटच्या खुणेचा. जुना संगणक घेतला. लॉगिनचा पासवर्ड बरोबर जायचा, त्यात ॲटची खूण आहे. आत गेल्यावर गिऱ्हाइकाचा ईमेल टाकायला तीच शिफ्ट आणि दोनची कळ दाबली की अवतरणचिन्ह! दोन महिने मी ॲटची खूण दुसरीकडून कॉपी करून चिकटवत होतो, हसू नका.

मागच्या मालकानं ब्रिटनची इंग्रजी निवडलेली होती. त्या मांडणीत ॲट आणि अवतरणचिन्हाच्या जागा उलट्या असतात. लॉगिनच्या पडद्याला अमेरिकन मांडणी, माझ्या खात्याला ब्रिटिश. यादीत ती दिसतही नव्हती, म्हणून काढता येईना. शेवटी एकानं सांगितलं, आधी ती भाषा मुद्दाम यादीत घाल, मग काढ. तसं केलं आणि गेली. नंतर कंट्रोल पॅनलच्या रीजनमध्ये ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबवर 'कॉपी सेटिंग्ज' आहे, तिथून माझी सेटिंग वेलकम स्क्रीनला आणि नव्या खात्यांनाही लावून टाकली. तेव्हापासून शांत आहे.

*

परभणी, शाळा

आमचं उलटं. मराठी जायचं नाही, लॉगिनलाच ठाण मांडून बसायचं. लायब्ररीच्या संगणकावर पासवर्ड चुकीचा, चुकीचा, चुकीचा. मुख्याध्यापकांनी तर पासवर्ड कुणी बदलला याची चौकशी लावली होती. मी पासवर्डच्या पेटीतला डोळा दाबला. पासवर्डात इंग्रजी अक्षरांत 'राम' होतं, म्हणजे आर, ए, एम. पेटीत दिसलं 'ीोस'. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या मराठी मांडणीत, आरच्या कळेवर दीर्घ वेलांटी, एच्या कळेवर ओकार आणि एमवर स. खालच्या कोपऱ्यातून भाषा बदलली, राम आला, चौकशी गुंडाळली.

*

उदगीर, लिनक्सवाला

विंडोजचं बोलून झालं असेल तर आमचंही ऐका. जुन्या यंत्रावर एक्सएफसीई, म्हणजे लिनक्सचा एक हलका डेस्कटॉप, आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी घातलं, चाललं. रीस्टार्ट केलं, गेलं. तीनदा झालं. मग दिसलं, त्याच पानावर 'सिस्टीम डिफॉल्ट वापरा' असा खटका आहे आणि तो चालू होता. तो चालू असेल तर तुम्ही खाली काहीही भरा, कुणी विचारत नाही. बंद केला.

एवढ्यावर संपलं असतं तर लिहिलं नसतं. खटका बंद करूनही लॉगिननंतर पाचेक सेकंद मराठी राहायचं आणि मग टुणकन इंग्रजी. ही करामत आयबसची, म्हणजे लिनक्सवर भाषा आणि कीबोर्ड बदलणाऱ्या प्रोग्रॅमची. तो लॉगिननंतर उशिरा उठतो आणि स्वतःच्या यादीतला पहिला कीबोर्ड लावतो. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ॲडव्हान्स्डखाली 'सिस्टीमचा कीबोर्ड लेआउट वापरा' अशी खूण आहे, ती केली.

त्याआधी मी एक्सप्रोफाइल नावाच्या, लॉगिनला चालणाऱ्या फाइलीत सेटएक्सकेबीमॅपची, म्हणजे कीबोर्डची मांडणी बदलणाऱ्या आज्ञेची, ओळ टाकून पाहिली होती. ती ओळ डेस्कटॉप उभा राहायच्या आधीच चालते, मग डेस्कटॉप येऊन तिच्यावर बोळा फिरवतो. सुरुवातीला चालणाऱ्या प्रोग्रॅमांच्या यादीत टाकून पाच-दहा सेकंद थांबायला लावलं तर टिकते. पण हे म्हणजे गळक्या छताखाली बादली ठेवणं.

*

जालना, पत्रिका छपाई

उदगीरकर, बादलीलाही भोक आहे. त्या ओळीनं लावलेला लेआउट कीबोर्डची वायर काढून परत खोचली की जातो. आमच्या कीबोर्डचं यूएसबीचं टोक सैल. लग्नसराईत मधेच 'चि. सौ. कां.' लिहिता लिहिता इंग्रजी सुरू. दोष लॉगिनला देत होतो, निघाला वायरीचा. दोनशे रुपयांत नवा कीबोर्ड आणला.

*

छत्रपती संभाजीनगर (मीच)

जालनाकर, बरं सांगितलंत. उबंटूवाल्यांसाठी (तेही लिनक्सच) एक भर : नव्या उबंटूत बहुतेक ठिकाणी पडद्यावर खिडक्या दाखवायला वेलँड ही नवी यंत्रणा असते, तिथं सेटएक्सकेबीमॅपला डेस्कटॉप जुमानतच नाही. सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या यादीतच मराठी घाला. आणि लॉगिनच्या पडद्याचा लेआउट निराळा, तो डेबियन-उबंटूत ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरात कीबोर्ड नावाच्या फाइलीत असतो.

*

वसमत, टायपिंग क्लास

आमच्याकडे पोरं परीक्षा परिषदेच्या मराठी ३० ची (मिनिटाला तीस शब्दांच्या टायपिंग परीक्षेची) तयारी करतात. रोज सकाळी पंधरा यंत्रांवर मराठी लावायचं, हा माझा नेम. शिव्या विंडोजला घालत होते. निघालं काय, तर लॅब उभारणाऱ्यानं व्हायरसच्या भीतीनं असं सॉफ्टवेअर घातलेलं, की रीस्टार्ट झालं की यंत्र जसंच्या तसं पहिल्या दिवसाचं. ते एकदा उघडून मराठी लावलं आणि पुन्हा कुलूप घातलं. पंधरा मिनिटांचं काम, दीड वर्ष केलं नाही.

*

धाराशिव, हिशेबनीस

घरून ऑफिसच्या यंत्रात रिमोट डेस्कटॉपनं शिरतो. ऑफिसात बसलं तर मराठी नीट, घरून शिरलं की यादीत एक अनोळखी कीबोर्ड जास्तीचा. घरच्या लॅपटॉपचा लेआउट तिकडे सोबत जातो, पाहुण्यासोबत त्याचं पोरगं यावं तसा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, 'इग्नोअर रिमोट कीबोर्ड लेआउट' ची किंमत एक करतात, ते आमच्या मुलीनं केलं. ज्याला रजिस्ट्री कळत नाही त्यानं हात लावू नये, मीही लावला नाही.

*

अंबाजोगाई, कोर्टाबाहेर टायपिंग

मी टाइपरायटरवर शिकलेला माणूस, बोटं त्याच्या रेमिंग्टन मांडणीची. इनस्क्रिप्ट या वयात शिकणं होत नाही बगा. त्यामुळं विंडोजचा मराठी कीबोर्ड माझ्या कामाचा नाही, वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि ते लॉगिननंतर आपोआप सुरू व्हायचं. दिवाळीनंतर सुरू होईना. लेआउट दिसतो, पण दाबलं की भलतंच अक्षर. पक्षकार समोर उभा, स्टॅम्पपेपर प्रिंटरमध्ये, अन् मी घामाघूम.

भाचा सुट्टीला आला होता. "मामा, तुमचं यंत्र लई हळू चालतंय" म्हणत त्यानं टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधलं सगळं बंद करून टाकलेलं. त्यातच माझं सॉफ्टवेअर. यंत्र खरंच वेगात उठायला लागलं होतं, ते मान्य. पण मुक्यानं लवकर उठून करावं काय? फोनवर त्यानंच चालू करायला सांगितलं.

*

बीड

माझं अजून सुटलेलं नाही. प्रत्येक खिडकीला वेगळा कीबोर्ड ठेवायची खूण काढून पाहिली, फरक नाही. सध्या विंडोज आणि स्पेसची कळ दाबतो, दिवसातून पन्नासदा. कुणाला सुचलं तर सांगा.

*

छत्रपती संभाजीनगर (पुन्हा मीच)

बीडकर, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये वरच 'डिफॉल्ट इनपुट मेथड' चा खाना आहे, तिथं नेमकं काय निवडलंय ते बघून इथं लिहा.

आणि काकांचा आत्ताच फोन होता. त्यांच्या खात्यात मराठी पक्कं बसलंय, आता पासवर्ड घेत नाही म्हणतायत. परभणीच्या सरांचा डोळा दाबायला सांगितलाय.