सहावी-सातवीचा पट ११: वर्ग वाचवायचे की पानशेतला पाठवायचे?

डोंगरकाठ:
राजगड (जुनं वेल्हे) तालुक्यातलं आमचं गाव. जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवी मिळून ११ पोरं. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) निर्णयानुसार सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली गेला की शिक्षकच मंजूर होत नाही. गावात 'शाळा वाचवा'ची सही मोहीम चाललीय. मी सही केली नाही.

पुतणी सातवीत आहे. अपूर्णांकांचा भागाकार मांडायला सांगितला तर पोर माझ्या तोंडाकडे बघत बसली. गुरुजी माणूस चांगला, पण गणित, विज्ञान, इंग्रजी सगळं एकटाच ओढतो, वर मतदार याद्यांचं काम. पानशेतच्या समूह शाळेत आसपासच्या वाड्यांची पोरं बसने येतात, विषयाला शिक्षक मिळतो. तिकडे पाठवा की. आणि मोहिमेच्या पुढाऱ्यांची स्वतःची पोरं सकाळी पिवळ्या व्हॅनने इंग्रजी शाळेत जातात, तेवढं लिहून ठेवतो.

जुना खडू:
३१ वर्षं शिक्षकाची नोकरी केली, त्यातली १२ मावळात. जुलैत रस्त्यावर दरड आली की बस कुठली? पाच-सहा दिवस पोरं घरी. मुलगा नंतर भरून काढतो, मुलीला मात्र आई भात लावायला घेऊन जाते आणि ती परत येतच नाही. सहावी ते आठवीची शाळा ३ किलोमीटरच्या आत हवी, हे आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमात उगाच घातलेलं नाही.

पट आपोआप पडत नाही हो. आधी शिक्षक काढतात, मग पालक पोरं काढतात, मग म्हणायचं पट नाही. पुणे जिल्ह्यातल्या खेडमधल्या जालिंदरनगरच्या शाळेचा पट ३ वर आला होता. तिथे आज शंभराच्या वर मुलं आहेत आणि २०२५ मध्ये लोकांच्या मतांवर जागतिक पुरस्कारही मिळाला.

डोंगरकाठ:
गुरुजी, जालिंदरनगरला ती शाळा उभी करणारे वारे गुरुजी होते. आमच्याकडे कुठून आणू?

दोन_लेकींची_आई:
माझी मोठी बसने जाते. एसटीचा पास मुलींना फुकट, खरं आहे. पण गाडी संध्याकाळी सहाला सोडते आणि फाट्यापासून घर दीड किलोमीटर. हिवाळ्यात तेव्हा अंधार असतो. धाकटीला पाठवणार नाही.

कात्रजकर:
पालकांना इंग्रजी मीडियम हवंय, बाकी सगळी भावनिक चर्चा.

जुना खडू:
त्या पालकांना एनएमएमएस शिष्यवृत्तीचं कुणी सांगितलंय का? आठवीत परीक्षा देऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार. विनाअनुदानित खाजगी शाळेतल्या पोराला बसताच येत नाही.

डोंगरकाठ:
हे मलाही माहीत नव्हतं. पण परीक्षेत गणित असतं ना, गुरुजी? त्या अंधाराचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. बस वाडीपर्यंत येणार असेल तरच माझं म्हणणं धरा.