मदत हवी आहे: केळीच्या पानांवरचा प्रोजेक्टर कॅमेऱ्यात पट्टे मारतोय

आमच्या जळगावच्या सायकेडेलिक रॉक बँडचा नवा व्हिडिओ रावेरजवळ केळीच्या बागेत रात्री शूट करतोय. काचेच्या ताटलीत गोडेतेल, पाणी आणि खायचा रंग हलवून मोबाईलवर घेतलेलं फुटेज लॅपटॉपवरून भाड्याच्या डीएलपी प्रोजेक्टरने (लाल, हिरवा, निळा रंग एकामागून एक झरझर दाखवणारा) पानांवर टाकतो. डोळ्यांना झकास दिसतं, कॅमेऱ्यात मात्र लाल-हिरवे आडवे पट्टे सरकतात. कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम, १/५० सेकंद शटर ठेवलं. पट्टे कमी झाले, गेले नाहीत. १/१०० ला तर इंद्रधनुष्यच! जनरेटर बदलून पाहिला, फरक शून्य.

पुढच्या आठवड्यात बागेची कापणी, म्हणजे एकच रात्र हाताशी. लॅपटॉप ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) आहे. मग ३० फ्रेम आणि १/६० शटर पुरेल, की तिन्ही रंग एकदम दाखवणारा एलसीडी प्रोजेक्टरच शोधावा?