जीटीआयला बारमाही टायर: मिशेलिन घ्यावा की कॉन्टिनेन्टल?

कोल्हापूर_ते_एडिसन

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१९ची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आहे, मॅन्युअल गिअरची. गेल्या उन्हाळ्यात सेकंडहँड घेतली. आधीच्या मालकाने तिला समर टायर बसवले होते, साइझ २२५/४० आर१८, म्हणजे अठरा इंची रिमचे. ऑक्टोबरपर्यंत मी त्या टायरवर फार खूश होतो. पोर्ट जर्विसच्या पुढे डेलावेअर नदीच्या कड्यावरून जाणारा रूट ९७ आहे, हॉक्स नेस्ट म्हणतात त्या वळणांना. तिथे दोन रविवार गेलो. स्टिअरिंग वळवावं आणि गाडीने त्याच क्षणी ऐकावं, असा अनुभव मला याआधी कुठल्याच गाडीत आला नव्हता.

डिसेंबरातल्या एका सकाळी पारा २४ फॅरनहाइटवर होता, म्हणजे उणे चारच्या आसपास. बर्फ पडलेला नव्हता, रस्ता कोरडा दिसत होता. आमच्या कॉम्प्लेक्सचा उतार आहे आणि खाली स्टॉप साइन. नेहमीच्या जागी ब्रेक दाबला. एबीएसची खडखड पायाला लागली आणि गाडी सरळ पुढे घसरत गेली. पट्टीच्या पुढे अख्खा बॉनेट गेल्यावर थांबली. समोरून एक बाई कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडायला निघाल्या होत्या, त्या जागच्या जागी थबकल्या. वेग जेमतेम पंधरा मैल असेल. त्या दिवसापासून मी बायकोची गाडी घेऊन ऑफिसला जातोय.

त्यात भर म्हणजे आय-२८७ हायवेवरच्या एका खड्ड्याने पुढच्या डाव्या टायरला फुगा आणला आहे. तेव्हा चारही बदलायचेच आहेत.

आठवड्यातून तीन दिवस न्यू जर्सीत एडिसन ते पार्सिपनी, जाऊन-येऊन पंचाहत्तर मैल. हिवाळ्यात चार-पाचदा बर्फ पडतो, पण आमच्याकडे बर्फ बाजूला सारणारे नांगर आणि मीठ लगेच फिरतं. दोन सेट ठेवायला अपार्टमेंटमध्ये जागा नाही. म्हणून बारमाही टायर हवेत, पण गाडीचा स्वभाव मारून टाकणारे नकोत. निवड तिघांवर आली आहे: मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४, कॉन्टिनेन्टल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस०६ प्लस आणि व्रेडेस्टाइन हायपरट्रॅक. मला मिळालेल्या भावात मिशेलिनचे चार टायर कॉन्टिनेन्टलपेक्षा साधारण दीडशे डॉलरने महाग पडतात. कोणी यातले स्वतः चालवले असतील तर मनापासून सांगा.

---

रोचेस्टरवाला

आमच्याकडे लेक ऑन्टॅरिओवरून बर्फ येतो, त्यामुळे माझं उत्तर एकच: विंटर टायरचा वेगळा सेट. बारमाही टायर म्हणजे दोन्हीकडे थोडी थोडी तडजोड. जागा नसेल तर बरीच टायरची दुकानं सीझनभर सेट ठेवून घेतात, पैसे पडतात पण चौकशी करून बघा.

तेवढं एक वगळलं तर माझ्या मेहुण्याच्या जेट्टाला डीडब्ल्यूएस०६ प्लस आहेत. पावसात उत्तम.

---

नोव्हीकर

तू कोल्हापूरचा, मी सांगलीचा, म्हणून एकेरीत लिहितो. मिशिगनमध्ये मी पंधरा वर्षं गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करतोय. जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्या स्टॉप साइनच्या प्रसंगात कुणाला लागलं नाही हे नशीब.

समर टायरचं रबर उन्हात चिकट राहावं अशा हिशोबाने बनवलेलं असतं. साधारण ४५ फॅरनहाइटच्या, म्हणजे ७ सेल्सिअसच्या खाली ते ताठरायला लागतं. पकड म्हणजे रबराने रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरून धरणं. ताठर रबर शिरतच नाही. तुझा रस्ता कोरडा होता तरी गाडी घसरली ती यामुळे. अशा थंडीत तो टायर वाकवला तर नक्षीला चिराही जाऊ शकतात, म्हणून आता ती गाडी हलवूसुद्धा नकोस.

आता तुझे तीन टायर. खोक्यातून काढलेल्या कोऱ्या टायरची तुलना सगळेच करतात. माझं म्हणणं असं की टायर घ्यावा तो त्याच्या तिसऱ्या हिवाळ्यासाठी. नव्या टायरची नक्षी साधारण १० बत्तिसांश इंच, म्हणजे ८ मिलिमीटर खोल असते. कायद्याची हद्द बऱ्याच राज्यांत २ बत्तिसांश आहे, पण बर्फाच्या दृष्टीने ६ च्या खाली टायर संपला आणि मुसळधार पावसाच्या दृष्टीने ४ च्या खाली. म्हणजे बर्फासाठी तुझ्या हाती वरचा चार बत्तिसांशाचा थरच आहे. न्यू जर्सीत २०१०पासून खासगी गाडीची तपासणी फक्त धुराची होते, टायर गोटा झाला तरी तिथे कोणी अडवणार नाही. हे तुझं तुलाच मोजायचं आहे. क्वार्टर घे, वॉशिंग्टनचं डोकं खाली करून खाचेत घाल. डोक्याचा वरचा काठ उघडा दिसला तर ४ च्या खाली गेलास.

या बाबतीत कॉन्टिनेन्टलने एक काम मला फार आवडेल असं केलं आहे. नक्षीतच डी, डब्ल्यू आणि एस ही अक्षरं कोरली आहेत: ड्राय, वेट, स्नो. झिजत झिजत आधी एस जातं, मग डब्ल्यू. ज्याला मोजपट्टी हातात धरायचा कंटाळा आहे त्यालाही ते दिसतं.

मिशेलिन मी दोन वर्षं वापरला. स्टिअरिंगला तो तिघांत सर्वांत चोख. वळणावर टायरची बाजूची कड झुकत नाही, तुझ्या हॉक्स नेस्टला तोच शोभेल. ओल्या रस्त्यावर ब्रेकही फार चांगला. कॉन्टिनेन्टलच्या कडा मऊ आहेत, स्टिअरिंग वळवल्यावर गाडी ऐकते पण किंचित विचार करून. त्या मऊपणामुळे खड्ड्यात त्रास कमी आणि ताज्या बर्फावर तो मला जास्त विश्वासाचा वाटला. मिशेलिनची झिजेची हमी ४५,००० मैल, कॉन्टिनेन्टलची ५०,०००. हमीचा दावा करायचा असेल तर रोटेशनच्या, म्हणजे टायर पुढचे-मागचे फिरवून घेतल्याच्या, पावत्या जपून ठेव. कडेवर ट्रेडवेअरचे, म्हणजे झिजेचे, ५४० आणि ५६० हे आकडे दिसतील, त्यांच्यावर निर्णय करू नकोस. ते ग्रेड प्रत्येक कंपनी आपलं आपण देते, एकीचा आकडा दुसरीशी जुळवून फारसं काही कळत नाही.

हायपरट्रॅकचं वेगळं आहे. व्रेडेस्टाइन मूळ डच, २००९पासून आपल्या अपोलो टायर्सकडे. या तिघांत बर्फासाठी असलेलं डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह फक्त त्यालाच आहे. बाकी दोघांवर नुसतं एम प्लस एस, म्हणजे मड अँड स्नो, आहे, आणि ते नुसतं नक्षीच्या खाचांच्या प्रमाणावरून मिळतं, परीक्षा द्यावी लागत नाही. हिमकणाच्या चिन्हाला परीक्षा आहे, पण अमेरिकेत ती दाबलेल्या बर्फावर वेग घेण्याची. थांबण्याची आणि वळण्याची नाही. तुला त्या सकाळी थांबायचं होतं, हे विसरू नकोस.

एक गोष्ट विचारली नाहीस, तरी सांगतो. मी अमेरिकेत नवा असताना पैसे कमी होते म्हणून दोनच टायर बदलले. दुकानदार म्हणाला, पुढच्या चाकांना ताकद जाते, नवे पुढे टाकू. मलाही पटलं. पंधरा दिवसांनी आय-९६ वरून उतरताना रॅम्पवर धो धो पाऊस. पुढची चाकं पाणी कापत होती, त्यामुळे मला हाताला काहीच जाणवलं नाही. मागचे झिजलेले टायर पाण्यावर तरंगले आणि गाडी ढुंगण फिरवून गवतात उलट तोंड करून उभी राहिली. मागच्या सीटवर माझा दोन वर्षांचा मुलगा होता. दोनच टायर नवे घ्यायची वेळ आली तर ते मागे टाकायचे, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी. दुकानदार काहीही म्हणो. पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि पाय उचलला की परत पकडते. मागच्यांची सुटली तर आपल्यापैकी शंभरात एकालाही सावरता येत नाही.

तुझ्यासाठी माझं मत: आठवड्याला सव्वादोनशे मैल २८७ वर आणि वर्षातून चार-सहा रविवार हॉक्स नेस्टला, तर कॉन्टिनेन्टल. जमलं तर सतरा इंची रिम घे आणि २२५/४५ आर१७ टाक. बाहेरचा व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, पण टायरची कड उंच होते आणि खड्ड्यात रिम आणि डांबर यांच्यामध्ये रबर राहतं. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, दारावरच्या स्टिकरपेक्षा कमी नको. आणि ब्रेकच्या कॅलिपरला रिम लागत नाही ना, हे टायर चढवायच्या आधी बघ.

---

कोल्हापूर_ते_एडिसन

काका, हे दोनदा वाचलं. दोन टायरवालं तर बायकोलाही वाचून दाखवलं, तिच्या गाडीला मागच्याच वर्षी दोन नवे पुढे टाकलेत. शनिवारी मागे करून घेतो.

माझी एक अडचण मात्र सांगतो. मी आंबोली घाटात गाडी शिकलो. पाऊस, धुकं, समोरून येणारी एसटी, यांची मला भीती नाही, आणि तिथे टायरकडे कधी वेगळं बघावंही लागलं नाही. म्हणून कदाचित थंडी हा वेगळा प्रकार आहे हे लक्षात यायला मला ती सकाळ लागली. मिशेलिनवरून मन निघत नाहीये, एवढंच.

---

फ्रीमाँटची_स्नेहल

माझ्या सिव्हिक एसआयला दोन्ही झाले, आधी मिशेलिन, आता डीडब्ल्यूएस०६ प्लस, म्हणून लिहिते.

आमच्याकडे बर्फ दारात येत नाही, आपण बर्फाकडे जातो. जानेवारीत दोनदा टाहो, आय-८० वरून डोनर पास. कॅलिफोर्नियात बर्फात चाकांना साखळ्या घालायच्या नियमाचे टप्पे असतात. आर१ लागला तर साध्या कारला एम प्लस एस टायरवर सोडतात, नक्षी पुरेशी असेल तर. आर२ ला मात्र चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांनाच सूट, आपल्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला साखळ्या घालाव्याच लागतात. सूट मिळाली म्हणजे गाडी थांबेल असं नाही. ट्रकीच्या उतारावर दोन्ही टायरवर मी वीस मैलांनीच उतरले आहे आणि दोन्ही वेळा पुढच्या गाडीपासून दहा गाड्यांचं अंतर ठेवलं होतं.

मिशेलिनवरून मन निघत नाही ते समजू शकते. पहिल्या महिन्यात मलाही कॉन्टिनेन्टलचं स्टिअरिंग सैल वाटलं. मग हवा दारावरच्या स्टिकरपेक्षा २ पीएसआय जास्त भरून बघितली, पुष्कळ फरक पडला. आवाजही मिशेलिनपेक्षा कमी आहे. एक करा दादा, थंडीत हवा दर पंधरा दिवसांनी बघा. दर १० फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय उतरते. सप्टेंबरात भरून विसरलात तर जानेवारीत पाच-सहा कमी असते, आणि मग आपण टायरला नावं ठेवतो.

---

कोल्हापूर_ते_एडिसन

दोन महिन्यांनी लिहितोय. स्नेहलताई, काका, दोघांचे मनापासून आभार.

कॉन्टिनेन्टल घेतले. एका गृहस्थांकडून सतरा इंची जुन्या रिम मिळाल्या. टायर चढवण्याआधी मित्राच्या गॅरेजमध्ये नुसती रिम लावून पाहिली. या गाडीला नट नसतात, बोल्ट असतात, त्यामुळे रिम गुडघ्यावर तोलून धरून भोकं जुळवावी लागतात. थंडीत बोटं बधिर झाली होती. चाक हाताने फिरवलं, कॅलिपर आणि रिम यांच्यातून करंगळी आरामात फिरली. मग टायर चढवले, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळले. पन्नास मैलांनी परत तपासले, एक किंचित फिरला.

पहिला आठवडा मी नाराज होतो, खोटं कशाला सांगू. ब्रिजवॉटरच्या रॅम्पवर गाडी पूर्वीसारखी चावून धरत नव्हती. ताईंच्या सांगण्याप्रमाणे हवा २ ने वाढवली. आता सवय झाली आहे, आणि फुगा आला होता त्याच पट्ट्यातला खड्डा परवा तसाच लागला, तर नुसता दणका बसून गेला.

दोनदा बर्फ पडला. दुसऱ्यांदा मॉरिसटाउनच्या अलीकडे नांगर यायच्या आधी चार इंच साचला होता. उजव्या लेनमधून तीस मैलांनी आलो. एबीएस एकदाच वाजलं, तेही मी मुद्दाम मोकळ्या जागी ब्रेक दाबून पाहिला तेव्हा.

काल सकाळी पारा २६ होता. उतारावरून खाली आलो, नेहमीच्या जागी पाय ठेवला. गाडी पट्टीच्या हातभर अलीकडे थांबली. त्याच बाई होत्या, कुत्र्याला घेऊन. मी हाताने खूण केली, त्या ओलांडून गेल्या.

संध्याकाळी गेज घेऊन नक्षी मोजली: पुढे ९ बत्तिसांश, मागे साडेनऊ. बॅटरी मारून चारही टायर पाहिले, एस अक्षर सगळीकडे स्पष्ट वाचता येतंय.