प्रतिसाद: हवा वाढवली की पातं टिकतंच असं नाही

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, जेट इंजिनाच्या टर्बाइनच्या पात्यात आतून थंड हवा जास्त सोडली की पातं जास्त टिकेल. मला हे अर्धंच पटतं. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला ओव्हरहॉल होणाऱ्या सुखोई-३० लढाऊ विमानाच्या इंजिनातही आतून थंड केलेली पाती असतात. बाहेरची बाजू तापून फुलू पाहते, आतली गार बाजू तिला धरून ठेवते. म्हणून बाहेरच्या बाजूवर दाब, आतल्या बाजूवर ओढ. ढोबळ हिशेब करा: E (धातूचा ताठपणा) १५० गिगापास्कल, प्रसरणांक (दर अंशाला किती फुलतो) १५×१०⁻⁶, पॉयसन गुणोत्तर (एकीकडे ताणल्यावर आडवं किती आकसतं) ०.३, पात्याच्या भिंतीच्या आतबाहेर १०० अंशांचा फरक. E × प्रसरणांक × फरक, भागिले २×(१−०.३). ताण (स्ट्रेस) सुमारे १६० मेगापास्कल! पातं फिरताना बाहेर ओढणारा केंद्रोत्सारी भार वेगळाच. फरक वाढला की ताणही त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे फक्त सरासरी तापमान पाहू नका. कूलिंगच्या छिद्रांच्या कडा आणि इंजिन चालू-बंद होतानाची अवस्था तपासाच, तडे बहुधा तिथूनच सुरू होतात.