दुभाजकातला कट आधी बंद, भुयारी मार्ग कधीतरी : धुळे-सोलापूर महामार्गावरचा हा क्रम तुम्हाला पटतो का?

गोदाकाठ :
राष्ट्रीय महामार्ग 52, म्हणजे आपला जुना 211. आमचं गाव गेवराई आणि बीडच्या मधल्या पट्ट्यात. वस्ती रस्त्याच्या एका अंगाला, शाळा आणि निम्मं शिवार दुसऱ्या अंगाला. आमचा फाटा 'ब्लॅक स्पॉट'च्या, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागांच्या यादीत गेला. (यादीत जायचा हिशेब माहीत आहे ना? साधारण 500 मीटरच्या तुकड्यात 3 वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू. आधी माणसं जाऊ द्यायची, मग नाव नोंदवायचं.)

काम टप्प्यांनी होईल असं सांगितलं होतं. पहिल्यात पांढरे पट्टे, रम्बलर (गाडी खडखडवणारे आडवे उंचवटे), पिवळे ब्लिंकर (लुकलुकणारे दिवे), फलक आणि दुभाजकातला कट, म्हणजे ओलांडायची मोकळी जागा, बंद. दुसऱ्यात दोन्ही बाजूंनी सेवा रस्ता, म्हणजे महामार्गालगत गावच्या वाहतुकीसाठीचा रस्ता. तिसऱ्यात भुयारी मार्ग. पहिला टप्पा दोन महिन्यांत उरकला. दुसऱ्यासाठी मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले, ते आता गवतात शोधावे लागतात. तिसऱ्याचं कुणी नावही काढत नाही.

माझं भांडण क्रमाशी आहे. कट पहिल्या टप्प्यात बंद करायचा होता, तर सेवा रस्ताही त्याच टप्प्यात हवा होता. आता वळायला अडीच किलोमीटर पुढं जायचं आणि तेवढंच मागं यायचं. दुधाच्या कॅना लावलेला माणूस जात नाही. तो उलट्या दिशेनं कडेकडेनं येतो. पूर्वी गाड्यांना आम्ही आडवे यायचो, आता समोरून येतो, एवढाच फरक.

घाटमाथा :
मी भाड्याची गाडी चालवतो. बीड-संभाजीनगर, आठवड्याला चार खेपा. दादा, तो कट बंद झाला त्या दिवशी मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

मागच्या उसाच्या सीझनला रात्री तिथंच माझा जीव जाता जाता राहिला. ट्रॅक्टर कट ओलांडून पलीकडं पोचलेला, मला त्याचे दिवे दिसले, वाटलं रस्ता मोकळा. मागं दोन ट्रॉल्या ऊस भरून, ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. दुसरी ट्रॉली माझ्या लेनमध्ये आडवी, अंधारात अंधार. गाडी मातीत घातली म्हणून आज हे लिहितोय. तुम्हाला अडीच किलोमीटर जड वाटतात. आणि गावानं परवा दुभाजक फोडला, ते का नाही लिहिलं?

गोदाकाठ :
फोडला, खरं आहे. रात्रीतून, पहारीनं. मी त्यात नव्हतो, पण अडवायलाही गेलो नाही, हेही खरं. ज्याचं रान समोर दिसतंय त्याला पाच किलोमीटरचा हेलपाटा घाल म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?

जुना अभियंता :
नोकरीची बरीच वर्षं रस्त्यांच्याच कामात गेली, म्हणून थोडं बोलतो. कट बंद करणं तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. ते स्वस्त आहे, त्याला जमीन लागत नाही आणि ते लगेच होतं. तात्पुरते उपाय आधी, कायमचे नंतर, ही रीत सगळीकडं आहे. गोम अशी की तात्पुरत्याचं छायाचित्र अहवालात लागलं की कायमच्याची घाई कुणाला राहत नाही.

खालच्या धाग्यांवर गतिरोधकाची मागणी वाचली. राष्ट्रीय महामार्गाच्या मुख्य मार्गिकेवर गतिरोधक बसत नाही, तिथं रम्बलरच. त्यात शक्ती घालवू नका. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलम आलं. सुरक्षेचे निकष न पाळल्यामुळं कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर रस्ता बांधणारा आणि सांभाळणाराही दंडाला पात्र ठरतो. दंड किती, तर 1 लाखापर्यंत. भुयारी मार्गाला किती कोटी लागतात ते मी सांगायला नको.

पाचट :
घाटमाथा भाऊ, ट्रॉलीचं बोललात ते मान्य. पण आमची बी ऐका. भुयारी मार्ग म्हणून सगळे नाचायलेत, त्याची उंची कुणी इचारली का? लहान गाड्यांचा बोगदा चार मीटरचा असतो. ट्रॅक्टर जातो, बैलगाडी जाते, चढवून भरलेली ट्रॉली अडकती. मग फड खाली करून आम्ही ऊस डोक्यावर न्यायचा का? शेजारच्या गावातल्या बोगद्यात तर पावसाळ्यात गुडघाभर पाणी. लोक वरूनच रस्ता ओलांडायलेत. मला तर कटच बरा वाटतो, सीझनपुरता एक माणूस झेंडी घेऊन उभा करा.

फाट्यावरचा चहा :
इथं सगळ्यांना सेवा रस्ता पाहिजे, पण तो जातो कुणाच्या अंगणातून ते कुणी बोलत नाही. चौपदरीकरणात माझी पुढची पडवी गेली. आता दगड रोवलाय तो थेट भट्टीजवळ. थ्री-डी (जमीन संपादनाची घोषणा) निघालं, थ्री-जीचा (मोबदल्याचा) निवाडा कधी, विचारलं की पुढच्या महिन्यात. पैसे हातात पडल्याशिवाय मी जागा सोडणार नाही. आणि खोटं कशाला बोलू, भुयारी मार्गावरचा पूल झाला की गाड्या वरून निघून जातील. माझा चहा कोण पिणार?

घाटमाथा :
म्हणजे तुमच्या चहासाठी आम्ही मरायचं?

फाट्यावरचा चहा :
तसं नाही म्हणालो. माझा सख्खा पुतण्या याच फाट्यावर गेलाय. पैसे द्या, उद्या भट्टी हलवतो, एवढंच म्हणतोय.

झेडपीच्या बाई :
इतका वेळ वाचते आहे. ट्रॅक्टर, ट्रॉली, कार, दूध, चहा. पायी चालणारं कुणीच नाही का या रस्त्यावर?

कट होता तेव्हा मुलं दुभाजकाच्या मोकळ्या जागेत थांबून दुसरी बाजू बघायची. आता तिथं लोखंडी कठडा आहे. मुलं दप्तर आधी पलीकडं टाकतात आणि मग कठड्यावरून उतरतात, थेट वेगाच्या लेनमध्ये. दहा वाजता आणि पाच वाजता आम्ही दोघी शिक्षिका तिथं उभ्या असतो. हे आमच्या कामात बसत नाही, तरी उभ्या असतो. एका बाजूचा रस्ता शोल्डर (कडेची पट्टी) धरून नऊ मीटरच्या आसपास. दुसरीतलं पोर दप्तरासह सेकंदाला मीटरभर चालतं, म्हणजे नऊ सेकंद. कारला 100 ची मर्यादा आहे, त्या वेगानं ती तेवढ्यात 250 मीटर येते. आमच्या फाट्यावरून वळणामुळं तेवढं लांबचं दिसतच नाही.

सोलर ब्लिंकरपैकी एकाची बॅटरी चोरीला गेली. महामार्गाच्या मदत क्रमांकाला, 1033 ला, मी स्वतः फोन केला, तक्रार नोंदवून घेतली. ब्लिंकर अजून बंदच आहे.

जुना अभियंता :
बाई, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि आम्हा लोकांच्या नकाशात तो शेवटी येतो. पायी ओलांडायला जागा हवी, असा ग्रामसभेचा स्वतंत्र ठराव करा. भुयारी मार्गाच्या मागणीत तो मिसळू नका, नाहीतर तिसऱ्या टप्प्याबरोबर तोही अडकेल. आणि पाचट म्हणतात ती उंचीची अटही ठरावात घाला. आराखडा मंजूर झाल्यावर उंची बदलत नाही, पाणी काढायची सोयही नंतर धड होत नाही.

गोदाकाठ :
बाईंचं वाचून मी माझा पहिला मजकूर पुन्हा वाचला. शाळेचा उल्लेख केला आणि पुढं दुधावरच गेलो. ठराव लिहायला घेतो. शाळेच्या बाजूला जमीन आधीच ताब्यात आहे, तिकडचा सेवा रस्ता तरी लगेच सुरू करा, असं त्यात टाकतो. चहावाल्या अण्णांच्या बाजूचं निवाड्यानंतर. फोडलेला दुभाजक मात्र तोवर कुणी बुजवू नये, हे माझं मत कायम आहे.

घाटमाथा :
आणि तो आजच्या आज बुजवावा, हे माझं. सेवा रस्त्याला माझी हरकत कधीच नव्हती. पाचट भाऊ, तेवढं रिफ्लेक्टरचं बघा. लाल-पांढऱ्या टेपचा रोल मिळतो, मी बीडहून आणून देतो.

पाचट :
कारखाना दरसाल देतो म्हणतो, हाती काही येत नाही. आणा. दोन ट्रॉल्यांना मागून आणि दोन्ही बाजूंनी लावायचं म्हटलं तर किती मीटर लागंल?

घाटमाथा :
मोजून सांगा. रविवारी येताना आणतो, चहाच्या टपरीवर ठेवतो.