शेत नावापुरतं लिहून द्यायचं ठरलंय, सही करायच्या आधी कोणाला विचारावं?

केळीचा_पोऱ्या (यावल)
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. वडील मागच्या वर्षी वारले, पाच एकर आहे, सगळी केळी. यंदा निम्म्या बागेत हरण्या रोग आला, पानांवर पिवळे पट्टे, मधला कोवळा पोंगाच सडला, दीड हजाराच्या वर झाडं उपटून फेकली. सोसायटीचं थकलंय म्हणून नवीन पीककर्ज मिळत नाही, वरून गावातल्या एकाचे चार लाख घेतलेत शेकडा ३ रुपये महिन्याने. आता तो म्हणतो दीड एकर माझ्या नावावर खरेदी करून दे, नावापुरतंच, पैसे फेडलेस की परत करून देतो, तुझ्या वडिलांचे माझे घरचे संबंध होते. ताई भुसावळला दिलीये, तिची सही लागेल तर म्हणतो तिला जास्त काही सांगू नको, वारस नोंदीचा कागद आहे म्हण. माय घरात आहे पण तिला मी व्याजाचं बोललोच नाहीये. गुरुवारी रजिस्ट्रीला जायचं ठरलंय. मित्र म्हणतात ऐकावे जनाचे करावे मनाचे, तूच ठरव. पण मनच चालत नाही, तीन रात्री मोटर चालू करायच्या निमित्ताने शेतात जाऊन बसतोय. अशा वेळी विचारायचं तरी कोणाला?

तापीकाठ
गुरुवार रद्द कर. बाकीचं नंतर बोलू, आधी तेवढं कर. "नावापुरतं" हा शब्द खरेदीखतात कुठेच नसतो, तिथे फक्त कायम खरेदी लिहिलेलं असतं. परत करून देण्याची अट त्याच खतात लिहिलेली नसेल तर कोर्ट त्याला गहाण मानतच नाही, ती विक्रीच धरली जाते, तोंडी शब्द कितीही गोड असू दे. आणि जो माणूस सख्ख्या बहिणीला खोटं सांगून सही घे म्हणतो त्याने तुझ्या भल्याचा विचार केलाय असं तुला वाटतं का?

शेतीमास्तर_रावेर
भाऊ, तुझी झाडं उपटल्याचं वाचून वाईट वाटलं. माझ्याकडे पहिल्यांदा हरण्या आला तेव्हा मी औषधाच्या दुकानात विचारलं, त्याने तीन फवारण्या दिल्या, मग अजून दोन, मी दुकानाच्या उधारीतच बुडालो. शेवटी शेजारचे आप्पा हात धरून पालच्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन गेले. तिथल्या सरांनी मी नेलेलं पान उजेडात धरलं आणि सरळ सांगितलं, हा व्हायरस आहे, झाडावर औषध नाही, रोगट झाड लवकर काढून नष्ट कर, मावा आवर, बागेत काकडी, टोमॅटो, मिरची घेऊ नको. पाच मिनिटांचं काम होतं, फुकट. दुकानदार वाईट नव्हता पण मी काही विकत घेतलं तरच त्याचा धंदा, सरांचं तसं काहीच नव्हतं. तेव्हापासून मी सल्ला घेताना एकच बघतो, मी हो म्हटल्याने याच्या खिशात काही जातं का. तुझ्या सावकाराला दीड एकर जातं.

वकीलपाडा
थोडं कामाचं सांगते. सावकारी करायला परवाना लागतो, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ आहे. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के एवढाच दर लावता येतो. तुझा शेकडा ३ म्हणजे वर्षाचे ३६ झाले. त्याच्याकडे परवाना आहे का ते तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे विचार, तक्रारही तिथे किंवा जळगावला जिल्हा उपनिबंधकांकडे देता येते. सावकारीच्या व्यवहारातून जमीन गेली असेल तर ती परत मिळवायचीही तरतूद कायद्यात आहे, पण त्याला वर्षं जातात, म्हणून आत्ताच थांब.
वकिलाच्या फीची भीती असेल तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. म्हणजे तुझी आई किंवा ताई अर्ज करू शकते. फोन करायचा तर १५१००. पण तिथे जाताना सगळं सांग, चार लाख कुठे गेले हे लपवलंस तर सल्लाही अर्धाच मिळेल. माझ्याकडे येणारे निम्मे लोक मुख्य गोष्ट उठताना दारात सांगतात.

अमळनेरकर
मी कायदा बियदा जाणत नाही. माझी आजी म्हणायची, "इचारीसन कर रे भो, करीसन इचारू नको." माझ्या मामाने हेच केलं होतं, घरात कोणाला न सांगता लिहून दिलं, मामीला कळलं तेव्हा दुसऱ्याच माणसाचा ट्रॅक्टर बांधावर उभा होता. मामा त्यानंतर चावडीवर बसायचा बंद झाला. दादा, तुझ्या घरात दोन जण आहेत ज्यांचं नाव त्याच सातबाऱ्यावर आहे, आणि तू अनोळखी लोकांना विचारतोयस. आधी मायला सांग. ती तुझ्यापेक्षा जास्त दुष्काळ बघून आलीये. आणि रात्री विहिरीकडे एकटा बसत जाऊ नको, जीव घाबरा झाला की १४४१६ ला फोन लाव, मराठीत बोलतात, चोवीस तास चालू असतं.

केळीचा_पोऱ्या (यावल)
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापता थापता थांबली, परातीतलं पीठ हाताने गोळा करत बसली, मग म्हणाली ताईला फोन लाव. ताई आधी चिडली, व्याज ऐकून नाही, तिला न सांगता सही घेणार होतो ते ऐकून, मग दोन मिनिटं काही बोललीच नाही. नंतर म्हणाली मेहुणे रेल्वेच्या पतपेढीत चौकशी करतील, तू सोमवारी सातबारा, आठ अ आणि त्या माणसाला दिलेल्या पैशांची वही घेऊन ये, आपण तिघं कोर्टात त्या समितीकडे जाऊ. गुरुवारचं रद्द कळवलं, तो फोनवर बराच तापला. वकीलपाडा ताई, व्याजाची नोंद माझ्या साध्या वहीत आहे, पेन्सिलने, त्याची सही नाही. ती चालते का?

वकीलपाडा
आण. पेन्सिलचं शाईने गिरवू नको, आहे तशीच राहू दे, पानंही फाडू नको. पैसे फोनवरून पाठवले असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढून ठेव, आणि तो तापलेला फोन कधी आला ती तारीख वेळ आजच लिहून ठेव. आईचं आधार कार्ड विसरू नकोस.